राष्ट्रीय उद्यान चालतं कसं? ताडोबापासून चांदोलीपर्यंत, नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जंगल फिरून आलेली मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात: "वाघ दिसला का?" त्यानंतरचे प्रश्न जास्त चांगले असतात. गाव का उठवलं, गवत का कापतात, एवढी तिकिटं विकून पैसा जातो कुठे, वाघाने माणूस मारला तर पुढे काय. असेच वारंवार कानावर येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत, कायदा मात्र देशभर एकच.

राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्प यांत फरक काय? ताडोबा यांपैकी कोण?

ताडोबा तिन्ही आहे, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचं, ११६.५५ चौरस किलोमीटरचं. त्याला लागून अंधारी अभयारण्य १९८६ साली झालं, ते ५०८.८५ चौरस किलोमीटर. दोन्ही मिळून आज ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा गाभा, म्हणजे कोअर. त्याभोवती सुमारे ११०० चौरस किलोमीटरचा बफर. आपण 'ताडोबाला गेलो होतो' म्हणतो तेव्हा यातल्या कुठल्या तुकड्यात होतो, हे बऱ्याचदा आपल्यालाच ठाऊक नसतं.

कायद्याच्या भाषेत अभयारण्यात काही हक्क शिल्लक राहू शकतात, परवानगीने गुरं चारता येतात. राष्ट्रीय उद्यानात चराई पूर्ण बंद, आणि लोकांचे हक्क रीतसर निकाली काढल्याशिवाय अंतिम अधिसूचनाच निघत नाही. 'व्याघ्र प्रकल्प' हा या दोन्हींवर चढवलेला आणखी एक थर. तो २००६ च्या दुरुस्तीने कायद्यात आला. त्याआधी १९७३ पासून तो केवळ केंद्राची योजना म्हणून चालत होता. त्या पहिल्या नऊ प्रकल्पांत आपलं मेळघाट होतं.

राज्यात राष्ट्रीय उद्यानं सहा: ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि बोरिवलीचं संजय गांधी.

राष्ट्रीय उद्यान जाहीर कोण करतं? उद्या सरकारला वाटलं तर रद्द करता येईल?

जाहीर करतं राज्य सरकार, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ३५ खाली. सीमा बदलणं मात्र एकट्या राज्याच्या हातात नाही. मूळ कायद्यात त्यासाठी विधिमंडळाचा ठराव लागायचा. २००२ च्या दुरुस्तीनंतर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. म्हणजे एखादा रस्ता किंवा कालवा उद्यानातून काढायचा असेल तर फाइल दिल्लीपर्यंत जाते. जाते आणि कधीकधी मंजूर होऊनही येते, हेही खरं.

आत हुकूम कोणाचा चालतो?

कागदावर सर्वांत वर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक. व्याघ्र प्रकल्पावर क्षेत्र संचालक, त्यांच्याखाली उपसंचालक, मग सहायक वनसंरक्षक. परिक्षेत्राला वनपरिक्षेत्र अधिकारी (ज्यांना सगळे आरएफओच म्हणतात), परिमंडळाला वनपाल आणि नियतक्षेत्राला, म्हणजे बीटला, वनरक्षक, म्हणजेच बीटगार्ड. त्याच्या सोबतीला वनमजूर.

पण जंगलात खरा हुकूम बीटचा. गेल्या आठवड्यात पाणी कुठल्या डोहात होतं, कुठल्या वाटेवर अनोळखी चपलेचा ठसा दिसला, कुठल्या झाडाखाली कोणीतरी चूल मांडली होती, हे संचालकांना माहीत नसतं. बीटगार्डला माहीत असतं. उद्यान सांभाळण्याविषयी कितीही मोठे शब्द वापरले, तरी शेवटी कोणीतरी रोज पायी फिरलं की नाही यावर सगळं अडतं.

मग हा बीटगार्ड दिवसभर करतो काय?

चालतो. सकाळी संरक्षण कुटीतून निघायचं, ठरलेल्या आणि मुद्दाम न ठरवलेल्या वाटांनी फिरायचं, वाटेत दिसलेली विष्ठा, ठसे, ओरखडे, शिकार, फास, तोडलेलं खोड सगळं नोंदवायचं. पूर्वी वहीत लिहायचे, आता 'एम-स्ट्राइप्स' नावाच्या मोबाईल अॅपमध्ये. गस्तीची वाट नकाशावर आपोआप उमटते. त्यामुळे कुटीत बसून 'दहा किलोमीटर गस्त केली' असं लिहिण्याची सोय गेली. दुसरा फायदा त्याहून मोठा: महिनाभराचे मार्ग एकावर एक ठेवले की जंगलाचा कुठला कोपरा कोणीच पाहिलेला नाही ते लख्ख दिसतं. शिकाऱ्याला नेमका तोच कोपरा हवा असतो.

याशिवाय आग विझवणं, पाणवठे बघणं, कॅमेरे लावणं, गावातल्या बैठका, कोर्टाच्या तारखा, मंत्र्यांचा दौरा असेल तर तोही. बहुतेकांच्या हातात काठीच असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. जिप्सीत बसून वाघ पाहणं वेगळं आणि त्याच वाघाच्या वाटेवर कामासाठी चालणं वेगळं. सफारीत बीटगार्ड समोरून चालत आला तर निदान हात तरी करा.

राष्ट्रीय उद्यानात 'काही न करणं' हेच व्यवस्थापन नाही का? गवत कापायचं, झाडं उपटायची, हे कशासाठी?

हा प्रश्न शहरातून जास्त येतो, आणि तो वाईट नाही. मोठं, सलग, माणसाने न छेडलेलं जंगल असतं तर हात न लावणंच उत्तम झालं असतं. पण आपली उद्यानं म्हणजे शेतं, रस्ते, खाणी, धरणं यांच्यामध्ये उरलेले तुकडे आहेत. त्यांतल्या बऱ्याच भागात आधी सागाची कामं झाली, गावं होती, गुरं होती. अशा जमिनीला सोडून दिलं की तिथे मूळ जंगलच येईल असं नाही. बऱ्याचदा येते घाणेरी (लॅन्टाना), म्हणजे जाळी करून पसरणारं झुडपी तण.

घाणेरी, रानमोडी, तरोटा ही नावं कुठल्याही वनकर्मचाऱ्यासमोर काढा, चेहरा बघा. चितळ-सांबर ही तणं खात नाहीत, रवंथ करणाऱ्या कुणाच्याच ती कामाची नाहीत. घाणेरीची जाळी वाढली की खाली गवत उगवत नाही, गवत नाही तर चितळ नाही, चितळ नाही तर वाघ गावाकडच्या गुरांवर जातो. इतकी सरळ साखळी आहे. म्हणून घाणेरी मुळापासून काढतात. नुसती कापली तर पुढच्या पावसात दुप्पट जोमाने फुटते. काढलेल्या जागी पवन्या, मारवेल अशी गोड गवतं वाढू देतात. तरोटा फुलण्याआधी उपटावा लागतो. बी पडलं की वर्षाचं काम पाण्यात.

ताडोबातलं जामणीचं कुरण आज पर्यटकांचं आवडतं ठिकाण आहे. तिथे एके काळी गाव होतं, शेतं होती. गाव हलल्यावर त्या शेतांचं कुरण झालं, पण ते आपोआप टिकलेलं नाही. दरवर्षी तिथे माणसं वाकून तण काढतात. कुरणाच्या कडेला गाडी थांबवून वाघाची वाट पाहणाऱ्यांना हे गवतही कुणाच्या तरी मजुरीचं आहे, हे सहसा कळत नाही.

माझं मत विचाराल तर, राष्ट्रीय उद्यानाची परीक्षा वाघांच्या आकड्यापेक्षा त्याच्या गवतावरून करावी. आकडा बाहेरून आलेल्या दोन-चार वाघांनीही फुगतो. गवत फसवत नाही.

या कामांची आखणी कोण करतं?

प्रत्येक उद्यानाचा साधारण दहा वर्षांचा व्यवस्थापन आराखडा असतो. व्याघ्र प्रकल्पासाठी त्याला व्याघ्र संवर्धन आराखडा म्हणतात आणि त्याला राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मान्यता लागते. त्यात गाभा, बफर आणि दोन जंगलांना जोडणारे भ्रमणमार्ग असे तीन भाग. शिवाय व्यवस्थापन किती परिणामकारक आहे याचं बाहेरच्या तज्ज्ञांकडून ठरावीक काळाने मूल्यमापन होतं. आराखडे जाड असतात. त्यातलं किती काम झालं, हे मात्र पैसे वेळेवर आले का यावर ठरतं. जाळरेषेचा निधी मार्चअखेरीस हाती पडला तर त्याचा उपयोग राखेला.

जाळरेषा म्हणजे काय? आगी लागतात कशा?

आपल्याकडच्या पानगळीच्या जंगलात निसर्गतः आग लागणं फार दुर्मीळ. जवळपास प्रत्येक आगीमागे माणूस असतो. मोहफुलं वेचताना खालचा पाला आड येतो म्हणून तो पेटवतात. चांगला तेंदूपत्ता फुटावा म्हणून पेटवतात. कुणाची विडी असते. कधी कुणाचा विभागावरचा रागही असतो, आणि त्यावर जाळरेषा चालत नाही.

जाळरेषा म्हणजे जंगलातून काढलेला मोकळा पट्टा. त्यावरचं गवत-पाला थंडी संपता संपता कापून, पाहाऱ्यात जाळून टाकतात, म्हणजे पुढे आग आली तर तिला ओलांडायला काही मिळू नये. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतात. हल्ली उपग्रहावरून आगीची सूचना थेट मोबाईलवर येते. ती आल्यावर मात्र तिथे पोहोचायचं ते पायीच, पाठीवर पाला उडवणारं यंत्र घेऊन किंवा हिरव्या फांद्यांनी झोडपत.

उन्हाळ्यात टँकरने पाणी टाकतात, ते चांगलंच ना?

नेहमी नाही. आता टँकरऐवजी बऱ्याच ठिकाणी सौरपंप बसलेत, आणि कोरड्या पट्ट्यात त्यांनी प्राण्यांना गावाकडे जाण्यापासून रोखलंही आहे. पण पाणी सगळीकडे केलं तर प्राणी वर्षभर एकाच जागी थांबतात, आजूबाजूचं गवत खुरटतं, आणि मोजक्या पाणवठ्यांवर गर्दी झाली की रोगही पसरतो आणि विषही सोपं होतं. विष कालवणाऱ्याला पाणवठाच सोयीचा. म्हणून उन्हाळ्यात रोज पाण्याचा वास घेऊन, काठावर मेलेले पक्षी-बेडूक आहेत का ते पाहून पुढे जाणं हाही गस्तीचाच भाग.

शिकार अजून होते?

होते. तारेचे फास, लोखंडी सापळे आणि सर्वांत घातक म्हणजे विजेच्या तारेवर आकडा टाकून सोडलेला प्रवाह. बऱ्याचदा तो रानडुकरासाठी लावलेला असतो, पिकाच्या राखणीसाठी किंवा मांसासाठी, आणि मरतो वाघ. मग घाबरून शेतकरी तो पुरतो. असं प्रकरण बाहेर यायला महिने लागतात.

राष्ट्रीय उद्यानात शिकारीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान सात वर्षं आणि पाच ते पन्नास लाखांचा दंड. कायदा कडक आहे, पण शिक्षा लागण्यासाठी पंचनामा नीट लागतो, नमुने वेळेत प्रयोगशाळेत जावे लागतात, साक्षीदार टिकावे लागतात. चांगला तपास करणारा वनाधिकारी दहा बंदुकांच्या तोडीचा.

वाघ मेलेला सापडला तर तो शिकारीनेच मेला असं गृहीत धरून तपास होतो, तसं नाही हे विभागाने सिद्ध करायचं. शवविच्छेदन झाल्यावर नखं-दात-कातड्यासह संपूर्ण देह सर्वांसमोर जाळतात.

वाघ मोजतात कसे? ठशांवरून?

ठशांवरून मोजणं केव्हाच बंद झालं. राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते, आणि २००५ मध्ये कळलं की प्रत्यक्षात एकही उरलेला नाही. त्या धक्क्यानंतर पद्धत बदलली. आता दर चार वर्षांनी देशभर अंदाज घेतात. आधी बीटगार्ड पायी फिरून खुणा आणि तृणभक्षी नोंदवतात, मग वाटांच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. दोन कॅमेरे अशासाठी, की वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात आणि प्रत्येक वाघाचे पट्टे आपल्या अंगठ्यासारखे त्याचे एकट्याचे.

कष्ट किती ते पाहा: २०१८ च्या फेरीत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले, सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रं निघाली, आणि वाघाची त्यांत ७६,६५१. बाकी गाई, माणसं, वाऱ्याने हललेलं गवत आणि अस्वलाचं नाक. २००६ साली देशात १,४११ वाघांचा अंदाज होता, २०२२ मध्ये सरासरी अंदाज ३,६८२ आला. महाराष्ट्रात ४४४.

बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून होते ती गणना नव्हे. तो निसर्गानुभव. जरूर घ्या, फक्त त्यातून आलेला आकडा कुणाला सांगत बसू नका.

गावं जबरदस्तीने उठवतात का?

कायदा सांगतो: नाही. २००६ च्या दुरुस्तीनुसार आणि वनहक्क कायद्यानुसार गाभ्यातलं गाव हलवायचं तर ते स्वेच्छेने, आधी वनहक्क मान्य करून, ग्रामसभेच्या संमतीने. प्रत्येक कुटुंबाला दोन पर्याय: रोख रक्कम, किंवा जमीन-घर-सोयींसह विभागाने केलेलं पुनर्वसन. ही रक्कम आधी कुटुंबामागे दहा लाख होती, २०२१ पासून पंधरा लाख आहे. अठरा वर्षांवरचा मुलगा वेगळं कुटुंब धरतात.

आता कायद्याबाहेरचं. मेळघाटातल्या कोरकू गावांतून, ताडोबाच्या गोंड गावांतून लोक गेले त्यामागे पैशापेक्षा दवाखाना, शाळा, रस्ता, वीज यांचा अभाव मोठा होता. गाभ्यात डांबरी रस्ता होत नाही, गुरं वाघ नेतो, पोरीच्या लग्नाला पाहुणे यायला तयार नसतात. अशा संमतीला पूर्ण स्वेच्छा म्हणावं का, हा प्रश्न खोटा नाही. दुसरीकडे, नव्या ठिकाणी चांगली जमीन मिळालेली, पोरं शिकलेली कुटुंबंही आहेत. आणि रोख घेऊन दोन वर्षांत मोटारसायकल, लग्न, दारू यांत संपवून मजुरीला लागलेलीही. फरक पडतो तो गाव एकत्र हललं का, जमीन ओलिताची मिळाली का आणि पैसे एकरकमी हातात पडले की बँकेत अडकवून ठेवले, यावर. पुनर्वसन फसलं तर तेच लोक काही वर्षांनी जुन्या जागेवर परत येतात. मेळघाटात तसं घडलंही आहे. त्यांना पुन्हा हुसकावण्यात ना जंगलाचं भलं, ना त्यांचं.

बफरमधल्या गावांना या उद्यानाचा काय उपयोग?

उपयोग व्हावा अशी व्यवस्था आहे. राज्याच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून गॅस, सौरकुंपण वगैरे मिळतं. प्रवेशशुल्काचा पैसा व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाकडे राहतो आणि तिथून गावांपर्यंत पोहोचतो. गाइड, जिप्सीचालक बहुतेक गावातलेच. वाघाने गाव गाठलं की गर्दी आवरायला गावातलीच पोरं असलेलं प्राथमिक प्रतिसाद दल धावतं.

पण गेटजवळच्या गावाला रोजगार मिळतो आणि वीस किलोमीटर आतल्या गावाला फक्त वाघ मिळतो, ही विषमता अजून मिटलेली नाही. माणूस मेल्यास राज्यात २५ लाखांची मदत आहे. गाय मारल्यास बाजारभावाच्या हिशेबाने भरपाई. ती किती दिवसांत मिळाली यावर पुढच्या मेलेल्या गाईत विष घातलं जाईल की नाही, हे ठरतं.

माणसं मारणाऱ्या वाघाला लगेच गोळी का घालत नाहीत?

कलम ११ नुसार ते ठरवण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांना आहे, आणि पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य नाही याची खात्री झाल्यावरच मारण्याचा आदेश देता येतो. आधी वाघ कोणता हे पटवावं लागतं: कॅमेरा, ठसे, मृतदेहावरची लाळ. चुकीचा वाघ मारला तर हल्ले थांबत नाहीत. २०१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टी-१ ('अवनी') वाघिणीला मारण्याच्या आदेशाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं.

वाघ जखमी असेल तर उपचार का करत नाहीत?

झुंजीत जखमी झाला असेल तर शक्यतो करत नाहीत. ते त्यांच्या जगण्याचा भाग आहे. फास, वीज, गाडी अशी माणसाची करणी असेल तर हस्तक्षेप होतो.

पर्यटनाने जंगलाचं नुकसान होतं की फायदा?

दोन्ही. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यात पर्यटन काही महिने थांबवलं होतं. ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा सुरू झालं ते नियमांसह. गाभ्याच्या जास्तीत जास्त २० टक्के भागात पर्यटन, गाड्यांची मर्यादा, गाइड सक्तीचा. पावसाळ्यात गाभा बंद असतो. रस्ते चिखलाचे असतात हे कारण आहेच, पण त्या काळात जंगलाला उसंतही मिळते. गस्त मात्र तेव्हाही चालू. ताडोबात मोबाईलवर बंदी घातली ती 'इकडे वाघ आहे' हे एका गाडीने कळवताच वीस गाड्या जमायच्या म्हणून.

रस्ते आणि रेल्वेचं काय?

नागपूर-जबलपूर महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. तो चौपदरी करताना महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून नऊ ठिकाणी पूल आणि भुयारी मार्ग बांधले, त्यांतला सर्वांत रुंद ७५० मीटरचा. कॅमेऱ्यांत वाघ, रानकुत्री, चितळ त्याखालून जाताना टिपले गेले. बांधलं तर वापरतात. प्रश्न फक्त खर्च करायची तयारी आहे का, एवढाच.

उद्यानात वाघ जास्त झाले तर?

तिथे राहत नाहीत, निघतात. दोनेक वर्षांचा नर आईला सोडून जागा शोधायला लागतो. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये शेतं, रस्ते, नाले ओलांडत १,३०० किलोमीटरहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. कुणाला फारसं दिसलाही नाही. चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरी भागात तर कितीतरी वाघ संरक्षित क्षेत्राबाहेरच राहतात.

कधीकधी माणूसच त्यांना नेतो. २०२३ मध्ये चंद्रपूरच्या पट्ट्यातून दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या. पण गाडीत घालून वाघ नेणं हा भ्रमणमार्गाला पर्याय नाही. ज्ञानगंगेपर्यंत पोहोचलेल्या त्या वाघाला तिथे वाघीण भेटली नाही. इतर जंगलांशी ते जोडलेलं असतं तर कदाचित एखादी त्याच्या मागून आलीही असती.